अधिकचा फोन

आषाढातल्या एका मंगळवारी चाळकेवाडीच्या पठारावरून
अधिक सपकाळचा फोन, निम्मे शब्द वाऱ्याने खाल्लेले:
"मॅडम, तुमचा बाण खोटं बोलतोय.
वारं नैर्ऋत्येचं हाय, पडदा म्हंतोय ईशान्य."
मी शाहूपुरीत, भाड्याच्या खोलीत.
खिडकीत अजिंक्यतारा कमरेपर्यंत ढगात.
"तुम्हाला कसं कळलं?"
"तंबाखू मळत हुतो. उडाली.
थेट तुमच्या साताऱ्याकडं गेली."

कोड उघडला.
सदतीस नंबरच्या पवनचक्कीवरून
दर सेकंदाला दोन आकडे उतरतात:
पूर्वेकडचा किती, उत्तरेकडचा किती.
मी एकाला दुसऱ्याने भागलं होतं
आणि आलेल्या भागाकाराला कोन विचारला होता.

नववीत कवठेकर बाईंनी फळ्यावर काढलेला काटकोन आठवला,
समोरची बाजू, लगतची बाजू, कर्ण,
आणि डस्टर आपटून: "पाठ झालं का?"
झालं होतं.
त्या त्रिकोणाच्या बाजू मात्र सगळ्या धन होत्या.
पठारावर वारा उणे वाहतो,
पूर्वेलाही उणे, उत्तरेलाही उणे.

उणे भागिले उणे.
दोघांनी एकमेकांना गिळलं
आणि पडद्यावर उरलं अधिक.
(फोनवरही अधिकच, खोळंबलेला.)

भागाकाराला चार कोपरे दिसत नाहीत.
ईशान्य तीच नैर्ऋत्य, आग्नेय तीच वायव्य,
गुणोत्तर बरोबर, दिशा गेली वाऱ्यावर.
माझं आणि थोरल्या भावाचं असंच झालं होतं,
दोघंही मागे सरत गेलो, अगदी सारख्या प्रमाणात,
आणि कराडचे पाहुणे म्हणत राहिले,
छान जमतं यांचं.

एक फंक्शन असतं, एटॅन-टू,
जे दोघांना वेगवेगळं आत बोलावतं,
आधी चिन्हं बघतं, मग तोंड उघडतं.
एक ओळ बदलली.
बाण गर्रकन वळला.
"आता गप बसलं," अधिक म्हणाला.
बाणाला म्हणाला की मला, विचारलं नाही.

मार्गशीर्षात वारा उत्तरेभोवती घुटमळू लागला,
तीनशे एकोणसाठ, मग एक.
पडद्यावरचा बाण उलटा फिरून
पूर्व, दक्षिण, पश्चिम करत आला,
दोन अंशांसाठी तीनशे अठ्ठावन्न अंशांची प्रदक्षिणा.
"ह्याला काय नवस फेडायचाय?"

आणि रात्रीच्या अहवालात:
एक वारा तीनशे पन्नासचा, एक दहाचा,
सरासरी एकशे ऐंशी.
उत्तरेचे दोन, मिळून दक्षिणेचे.
कोन असे एका पंगतीत बसत नाहीत.
त्यांना ज्या-कोज्येत विरघळवावं लागतं,
पूर्वेचं पूर्वेत, उत्तरेचं उत्तरेत मिसळून
सगळ्यात शेवटी विचारायचं, आता कुठे?
ज्या म्हणजे धनुष्याची दोरी,
हे मला नोकरी लागल्यावर कळलं.
बाई बाण न दाखवताच निवृत्त झाल्या.

मार्चमधल्या एका दुपारी वारा पडला.
पूर्वेला शून्य, उत्तरेला शून्य.
फंक्शनला विचारलं, दिशा?
ते म्हणालं, शून्य अंश.
म्हणजे उत्तर.
काहीच नसताना उत्तर दिलंच पाहिजे,
आणि दिलेलं उत्तर: उत्तर.
मी तरी वेगळं काय करत आले,
कुणी विचारलं, घरी सगळं कसं, की लगेच
एक टोकदार बाण.

मग एक अट लिहिली:
दोन्ही शून्य असतील तर बाण काढू नकोस.
टिंब काढ.

पाच मिनिटांत फोन.
"मॅडम, बाण कुठं गेला?"
"वारा नाहीये."
"व्हय, न्हाई."
पहिल्यांदाच त्याच्या मागे घोंघावणं नव्हतं,
इतकं नव्हतं की ऐकू आला
तळहातावर फिरणारा अंगठा,
मग दोन टाळ्या, हलक्या,
चुना झटकायच्या.